सतराव्या थरातली शिट्टी

ज्ञानपटावर, म्हणजे लोकांनी मिळून लिहिलेल्या ज्ञानकोशावर, 'सुई' या टोपणनावाचा मोठा दरारा होता. कुणी हौसेनं एखाद्या गाण्यावर लेख लिहावा, त्यात चार ठिकाणी 'सुप्रसिद्ध' आणि दोन ठिकाणी 'रसिकांच्या मनावर अधिराज्य' घालावं, आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघावं तर सुईनं सगळी हवा काढून टाकलेली असायची. वर समासात एकच शब्द लिहिलेला: 'संदर्भ?' लोक तिच्या नावानं बोटं मोडायचे आणि आपला लेख तपासायला तीच मिळावी म्हणून खटपटही करायचे, कारण सुईच्या हाताखालून गेलेला लेख पुन्हा कुणी परत पाठवत नसे.

ही सुई म्हणजे कुरुंदवाडच्या शैलजा मगदूम. वय बासष्ट. सांगलीच्या एका दैनिकात मुद्रितं तपासण्यात उमेद गेली, आणि निवृत्त झाल्यावरही खोड काही गेली नाही. लग्नपत्रिका हातात आली तरी ती आधी चुका बघायची आणि मग मुहूर्त.

एरवी कुणी ही असली किरकिर मनावर घेतली नसती. पण मधल्या काळात जग बदललं होतं. यंत्रांनी लिहिलेल्या खोट्या मजकुराचा असा पूर येऊन गेला होता की जिवंत माणसांचे मृत्युलेख आणि न झालेल्या लढायांची वर्णनं लोक डोळे झाकून वाचत होते. शेवटी कायदा झाला. घराघरांत बसलेल्या उत्तर देणाऱ्या यंत्रानं, ज्याला आपल्याकडे लहानथोर सगळे 'सांग्या' म्हणतात, त्यानं फक्त ज्ञानपटातूनच बोलायचं. ज्ञानपटातही लेखांच्या तीन पायऱ्या: अंकुर, रोप आणि वृक्ष. माणसांनी ओळ न् ओळ तपासून वृक्ष ठरवलेल्या लेखातलंच सांग्या तोंडातून काढणार. बाकी काहीही विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर यायचं, 'याबद्दल तपासलेली माहिती नाही.' दहा वर्षांत लोकांना त्याची इतकी सवय झाली की वृक्षात जे नाही ते घडलंच नाही, असं शहाणीसुरती माणसंही मानू लागली.

हे उत्तर शैलजाच्या घरात रोज सकाळी ऐकू यायचं. कारण तिचा नवरा रोज सकाळी तोच प्रश्न विचारायचा.

"सांग्या... 'थांब की वळणावर'... यातली शिट्टी... कुणाची?"

"याबद्दल तपासलेली माहिती नाही."

"नाही तर नाही," मधुकर म्हणायचा आणि नाकातली प्राणवायूची नळी सारखी करून चहाकडे वळायचा.

एकेकाळी कोल्हापूरपासून निपाणीपर्यंतचे ऑर्केस्ट्रे मधू मगदूमला मानानं बोलवत. शिट्टीवर अख्खं गाणं वाजवणारा दुसरा माणूस त्या पट्ट्यात नव्हता. बाकीची पोरं शिट्ट्या मारून मार खायची, ह्यानं शिट्टीवर बायको मिळवली, असं त्याचे मित्र म्हणत आणि ते खोटं नव्हतं. आता त्याची फुप्फुसं निकामी होत आली होती. मेणबत्ती विझवण्याइतकी फुंकरही जमत नव्हती. डॉक्टरांनी हातचं राखून 'बघू या' म्हटलं होतं.

'थांब की वळणावर' हे गाणं तुम्ही ऐकलं नसेल तर तुम्ही एकतर बहिरे आहात किंवा तुमच्या नात्यात कुणाची वरात निघालेली नाही. शब्दांत फारसा दम नाही, चालही साधीच. पण गाणं सुरू होतं ते एका शिट्टीनं. चढत जाते, वळण घेताना जराशी अडखळते आणि मग मोकळी सुटते. त्या अडखळण्यावरच गाणं तरलं. ती शिट्टी ऐकली की नवरदेवाचे वडीलसुद्धा उपरणं कमरेला बांधत. गाण्याच्या तबकडीवर नाव मात्र एकच छापलं होतं, संगीतकार चैतन्य सरनोबत यांचं. पुढे एका मुलाखतीत त्यांनी बेधडक सांगितलं, "शिट्टीही माझीच." मग ते मुंबईला गेले, मोठे झाले आणि वारलेही.

गाण्याला तीस वर्षं पूर्ण व्हायला आली, तेव्हा कुणीतरी हौसेनं त्याचा लेख वृक्षासाठी पुढे केला. तपासनीस म्हणून विचारणा आली ती सुईलाच. विचारणारा होता 'टिपकागद', नागपूरकडचा एक तरुण. शैलजानंच त्याला शिकवून तयार केलं होतं. एकमेकांचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

शैलजानं रीतसर कळवलं, 'हितसंबंध जाहीर करते. या गाण्यातली शिट्टी माझ्या यजमानांची आहे. मी तपासणार नाही. लेखात एक अक्षरही बदलणार नाही. जे म्हणायचं ते चर्चापानावर म्हणेन.'

'मग मीच तपासतो,' टिपकागदनं लिहिलं. 'पण बाई, लेखात तर शिट्टी सरनोबतांची आहे. तीन वर्तमानपत्रांचे संदर्भ आहेत.'

आता गंमत बघा. लेख रोप होता तोवर सांग्या निदान गप्प तरी बसायचा. लेख आहे तसाच वृक्ष झाला असता, तर उद्यापासून रोज सकाळी मधुकरच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं, 'चैतन्य सरनोबत यांची.' आणि वृक्ष झालेल्या लेखातलं नाव उपटणं म्हणजे देवळाचा कळस उतरवण्याइतकं अवघड.

शैलजा कंबर कसून बसली. दुपारची भांडी तशीच पडू लागली. तिनं त्या तीन संदर्भांची चिरफाड केली. पहिलं वर्तमानपत्र म्हणजे ती मुलाखत. दुसऱ्यानं पहिल्यावरून उतरवलेलं. तिसऱ्याची तर कमालच होती. त्यानं ज्ञानपटावरच्या जुन्या लेखावरूनच उचललं होतं, आणि ज्ञानपटानं पुन्हा त्याचाच संदर्भ दिला होता. मांजरानं आपलीच शेपूट धरून फिरावं तसा प्रकार. तिनं तारखांसकट सगळं चर्चापानावर मांडलं.

टिपकागदचं उत्तर आलं. 'मान्य. तीन संदर्भांचा एकच उरला. पण तुमच्याकडे एकही नाही. घरच्यांची आठवण हा संदर्भ नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.'

शैलजाला राग आला, पण शिष्याचं कौतुकही वाटलं.

"काय म्हणतो तुझा टिपकागद?" मधुकरनं विचारलं.

"पुरावा मागतोय."

"मी मेल्यावर देतो म्हणावं."

"अहो, काहीतरीच काय बोलता!"

तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर तिच्या मनगटावर हात ठेवून म्हणाला, "शैला, जिवात जीव हाय तवर... एकदा ऐकू दे. त्या सांग्याच्या तोंडनं. बाकी काय नको मला."

तिलाही ते हवं होतं, आणि नुसतं त्याच्यासाठी नव्हे. ज्या दिवशी ती शिट्टी कोल्हापूरच्या स्टुडिओत मुद्रित झाली, त्याच संध्याकाळी त्यांचा निनाद गेला होता.

चार वर्षांचा. सकाळी नुसता ताप होता. दुपारनंतर झटके यायला लागले. मोटारसायकल मधुकरकडे, त्याचा मोबाइल बंद. शैलजानं स्टुडिओतला फोन लावला. तिथल्या पोऱ्यानं थांबायला सांगितलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, "मधूदा निघाल्यात." शेजारचा बाबूभाई शिकलगार रिक्षा घेऊन दारात आला होता, हॉर्न वाजवत होता. "वैनी, बसा, मिरजेला नेतो." आणि शैलजा म्हणाली होती, "हे निघालेत बाबूभाई. घरी कुलूप बघून उलटसुलट पळत बसतील. येतीलच आता." बाबूभाई थोडा थांबला आणि भाडं आलं तसा नदीपलीकडच्या वाडीला गेला. मधुकर आला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

पोऱ्यानं आपल्या मनानंच काहीतरी ठोकून दिलं असणार, असं मधुकर तेव्हा रडत म्हणाला होता. "मी आत होतो गं. फोन आलेला मला कळलाच नाही." तिनं विश्वास ठेवला. सासरच्यांनी मात्र तिला कधी माफ केलं नाही. एवढी शिकलेली बाई, दारात रिक्षा उभी, आणि वाट बघत बसली! हे वाक्य तिनं सणावारी, बारशाला, तेराव्याला, कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलं. पुढं पुढं कुणी बोलेना झालं तेव्हा ती स्वतःच स्वतःला म्हणू लागली. त्या दिवसातून एक शिट्टी तेवढी चांगली निघाली, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर जावी हे तिला सोसत नव्हतं.

पुरावा मिळण्याचा एकच रस्ता होता: स्वरचाळणी.

स्वरचाळणी हे काही जादूचं यंत्र नव्हे. गाणं कानाशी येतं तेव्हा ढोलकी, सतार, गळा असं वेगवेगळं येत नाही. हवेची एकच थरथर येते, सगळ्यांची मिळून. आपला मेंदू अनुभवानं त्यातलं एकेक ओळखतो. स्वरचाळणीनं तेच केलं, फक्त कोट्यवधी आवाज ऐकून. एका थरथरीतून ती थर वेगळे काढते, अगदी माणसाच्या कानाला कधीच न पोचलेले मंद थरसुद्धा. बंद दाराबाहेरची पावलं, गायकाच्या कानातल्या यंत्रातून झिरपलेला ताल, खुर्चीची करकर, सगळं. वर ती आवाजाचा धनीही सांगते. प्रत्येकाचा घसा, टाळू, नाकातली पोकळी यांची घडण निराळी असते आणि तिचा ठसा बोलण्यावर उमटतो. तो लपवता येत नाही.

अडचण एवढीच होती की शिट्टीला घसा लागत नाही. शिट्टी ओठांवर तयार होते आणि ओठ ठसा सोडत नाहीत. त्यामुळे नुसत्या शिट्टीवरून माणूस ओळखणं चाळणीलाही जमत नव्हतं. पण ज्या कंपनीनं गाणं काढलं होतं तिची जुनी मूळ मुद्रणं एका संग्रहालयात आली होती. कापाकापी व्हायच्या आधीची, सगळ्या फसलेल्या प्रयत्नांसकट. त्यात कदाचित काही सापडेल, असं पुण्याच्या प्रयोगशाळेनं कळवलं. शैलजानं मधुकरच्या जुन्या कार्यक्रमांतली निवेदनं नमुन्याला पाठवली आणि देवाला हात जोडले.

महिन्याभरानं अहवाल आला. दुपारची वेळ होती, मधुकर झोपला होता. शैलजानं कानात यंत्र घातलं आणि आधी निष्कर्ष वाचला. 'थर सतरा: शिट्टी आणि त्याच माइकवर आलेलं बोलणं. बोलणारा: मधुकर मगदूम, निश्चित. शिट्टी मध्येच तुटते आणि श्वास न घेता त्याच श्वासावर वाक्य सुरू होते. नंतर श्वास घेतल्याचा आवाज, आणि त्या श्वासावर अंतिम गाण्यात वापरलेली शिट्टी. माइकपासून तोंडाचं अंतर तिन्ही वेळा एकच. शिट्टी वाजवणारी व्यक्ती आणि बोलणारी व्यक्ती एकच.'

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उठून त्याला जागं करावं असं वाटलं. मग तिनं थर सतरा लावला.

शिट्टी सुरू झाली. चढली. लांबवर दार उघडल्याचा आवाज आला आणि कुण्या कोवळ्या पोराचा घाईचा आवाज.

"मधूदा, घरनं फोन हाय. वैनी हायत. बारक्याला झटकं याला लागल्यात म्हनं."

शिट्टी चालूच राहिली. थांबली नाही.

"मधूदा, काय सांगू?"

मग शिट्टी तुटली, आणि अगदी कानाशी, तिशीतल्या मधुकरचा मोकळा दमदार आवाज आला.

"सांग, निघाला म्हणून. एवढा टेक होऊ दे."

श्वास. आणि मग ती शिट्टी, साऱ्या महाराष्ट्राला पाठ असलेली, वळणावर अडखळून मोकळी सुटलेली.

शैलजानं ते पुन्हा ऐकलं नाही. सुईला एकदा वाचलेलं पुरायचं, एकदा ऐकलेलंही पुरलं. ती उठून मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं आणि पडलेली भांडी घासायला बसली. एकोणतीस वर्षं ती ज्या चुकीचा जाब स्वतःला विचारत होती ती तिची नव्हतीच. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण ती तेच पातेलं पुन्हा पुन्हा घासत राहिली.

संध्याकाळी चहा दिल्यावर तिनं मधुकरच्या पुढ्यात यंत्र ठेवलं आणि थर लावला. तो ऐकत गेला. शिट्टीला त्याचे डोळे चमकले, ओठ आपोआप गोल झाले. मग दाराचा आवाज आला आणि ओठ तसेच राहिले.

थर संपला. मधुकरनं यंत्र बाजूला सारलं.

"मला वाटलं... नेहमीचा ताप असंल," तो म्हणाला.

"झटके येतायत म्हणून सांगितलं होतं त्यानं. स्वच्छ ऐकू येतंय."

"शैला, सरनोबत घड्याळ बघत होता. दुसरा माणूस बोलवीन म्हणाला होता. एकच टेक राहिला होता गं..."

"टेकचं नाही विचारत मी. टेक केलास, केलास. 'निघाला' म्हणून का सांगितलंस?" लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला एकेरी हाक मारली होती, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं. "येत नाही म्हणाला असतास तर मी रिक्षात बसले असते. बाबूभाई दारात होता. तुला माहीत होतं तो दारात असतो."

मधुकर रडायला लागला. रडणंही त्याला झेपत नव्हतं, दर हुंदक्याला धाप लागत होती. तिनं यंत्राची कळ वाढवून प्राणवायू थोडा जास्त सोडला, पाठ चोळली. सवयीनं.

"आणि नंतर? आत्या, वन्सं, सगळी मला बोलत होती. तू तिथंच बसलेला असायचास."

"कसं सांगणार होतो?" तो म्हणाला.

तिनं पाठीवरचा हात काढून घेतला. सुईच्या सुरात, एकेक शब्द वेगळा करत तिनं त्याला सगळं समजावलं. ज्ञानपटाचा नियम असा की अहवाल द्यायचा तर अख्खा द्यायचा. कुणीतरी मागं सोयीचा तेवढा तुकडा कापून दिला होता, तेव्हा तिनंच भांडून हा नियम करून घेतला होता. त्यामुळे शिट्टी तुझी हे सिद्ध करणारं एकच वाक्य आहे आणि ते हे आहे. ते जगासमोर जाणार. नको असेल तर मी अहवाल मागं घेते, लेख सरनोबतच्या नावानं पुढं जाईल, आणि हे घरातल्या घरात राहील.

"तू सांग," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

मनातून तिला वाटत होतं, तो म्हणेल जाळून टाक ते. नको मला नाव. पोराच्या जिवावर मिळवलेली शिट्टी नको. एवढं म्हणाला असता तरी तिनं कदाचित, कुणास ठाऊक, पुन्हा त्याच्या पाठीवर हात ठेवला असता.

मधुकरनं नळी सारखी केली. खिडकीकडं बघितलं. मग हळूच विचारलं,

"पण नाव... येईल ना?"

शैलजा उठली आणि अहवाल पाठवून दिला.

सोबत तिनं चर्चापानावर लेखासाठी दोन वाक्यं सुचवली. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं छाटली, ही दोन तिनं कुठंही आवाज न चढवता लिहिली. 'गाण्यातील शिट्टी मधुकर मगदूम यांनी वाजवली आहे. ध्वनिमुद्रण सुरू असताना मुलाला झटके येत असल्याचा घरून आलेला निरोप त्यांना मिळाला, तेव्हा आपण निघालो असल्याचे कळवण्यास सांगून त्यांनी ध्वनिमुद्रण पूर्ण केले, आणि वाट पाहण्यात उपचारांना उशीर होऊन मुलाचा त्याच संध्याकाळी मृत्यू झाला.'

पहिल्या वाक्यानं मधुकरला जे हवं ते मिळणार होतं, दुसऱ्यानं तिला. सांग्याच्या तोंडून एकदा हे वाक्य गल्लीनं ऐकावं, वन्संनी ऐकावं. बाकी तिलाही काही नको होतं.

दोन दिवसांनी टिपकागदचं उत्तर आलं. 'पहिलं वाक्य: उत्तम. संदर्भ निर्विवाद. लेखात घेतलं. दुसरं वाक्य: दुःखद आहे, पण गाण्याशी संबंध नाही. वगळलं.' खाली वेगळा निरोप होता. 'बाई, फार वाईट वाटलं. पण लेख कुणा दुसऱ्याचा असता आणि सुई तपासत असती, तर तिनंही हेच केलं असतं ना?'

तिनं केलं असतं. अगदी हेच शब्द वापरले असते. असले कितीतरी बाप, मुलं, आजारपणं तिनं गाण्यांच्या लेखांतून काढून टाकली होती, आणि काढताना चहाचा घोटही थांबवला नव्हता. अहवाल सगळ्यांना खुला होता म्हणा, मागितला तर सांग्याही त्यातला थर वाजवून दाखवी. पण सव्वीस थरांचा अहवाल उघडून सतरावा थर कोण ऐकतो? लोक सांग्याला विचारतात आणि पुढं जातात.

शैलजानं उत्तरात लिहिलं, 'मान्य.'

लेख वृक्ष झाला त्या सकाळी मधुकरनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"या गाण्यातली शिट्टी मधुकर मगदूम यांनी वाजवली आहे," सांग्या म्हणाला.

मधुकरनं तो प्रश्न त्या दिवशी कितीदा विचारला कुणास ठाऊक. दुपारी शैलजा गच्चीवर जाऊन बसली तेव्हाही खालून उत्तर ऐकू येत होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी गल्लीच्या मंडळानं सत्कार ठरवला, आणि मधुकरला हलवता येत नाही म्हणून घरीच ठरवला. सतरंज्या आल्या, पेढे आले. मंडळाचे अध्यक्ष बोलले, की गावाचं नाव आता जगाच्या पाठीवर गेलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. कोपऱ्यात बाबूभाई शिकलगार बसला होता, दाढी पांढरी झालेला, गुडघे दुखत असूनही मांडी घालून. इंदुमतीवन्सं, मधुकरची थोरली बहीण, जयसिंगपूरहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी भावाला ओवाळलं, कडकडा बोटं मोडली आणि पदरानं डोळे पुसले.

"आज निनाद असता तर काय मिरवलं असतं त्यानं बापाचं नाव!" त्या म्हणाल्या. मग उसासा टाकून, काही विशेष बोलतोय असं न वाटता पुढं बोलल्या, "शैले, तू त्या दिवशी जरा लवकर हलली असतीस ना..."

शैलजानं मधुकरकडे पाहिलं. तो शाल पांघरून बसला होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. त्यानं नजर खाली घातली आणि शालीच्या काठाचा सुटलेला धागा ओढू लागला.

"सांग्या," शैलजा म्हणाली, "त्या लेखाच्या संदर्भातला सतरावा थर लाव. मोठ्यानं."

शिट्टी सुरू झाली तशी कुणीतरी "वा!" म्हणालं. मग दार, पोऱ्या, झटके, वैनी. शिट्टी चालूच. मग मधुकरचा तरणा आवाज खोलीभर घुमला, "सांग, निघाला म्हणून. एवढा टेक होऊ दे." आणि शिट्टी, मोकळी.

कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनी हातातला पेढा परत ताटलीत ठेवला. बाबूभाई भिंतीला धरून उभा राहिला होता. इंदुमतीवन्संच्या चेहऱ्यावर एकदा काहीतरी हललं, पण त्या लगेच सावरल्या. भावाची शाल खांद्यावर नीट केली.

"झालं गेलं," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवशी कशाला उकरायचं हे? त्याचा काय संबंध?"

शैलजाला हसू आलं. खरंखुरं हसू.

"बरोबर आहे वन्सं," ती म्हणाली. "मीसुद्धा वगळलंच असतं."

तिनं पायांत चपला घातल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिचा फोन होता, तो तिथंच राहू दिला.

"बाबूभाई, रिक्षा आणलीय?"

"बाहेर हाय की वैनी."

"चला."

म्हातारा तिच्या मागोमाग लंगडत बाहेर आला. रिक्षा आता विजेची होती, आवाज न करता सुटली. बाजार मागं पडला, नदीचा घाट मागं पडला.

"कुठं जायचं?" त्यानं विचारलं.

"मिरजेला."

"मिरजेत कुणाकडं?"

"आधी चला तर."

त्यानं आरशातून तिच्याकडं पाहिलं आणि रिक्षाचा वेग वाढवला. वाडीच्या पुलाअलीकडं त्याचा फोन वाजला. त्यानं रिक्षा बाजूला घेतली, फोन कानाला लावला, 'हा, हा' म्हणाला आणि मागं वळला.

"वैनी, तुमच्या वन्सं हायत. मधूदाला धाप लागलीय म्हनं. नळीचं तुमालाच कळतंय म्हनत्यात. काय सांगू?"

शैलजानं पुलाकडं बघितलं. पूल मोकळा होता, पलीकडं मिरजेचा रस्ता उन्हात सरळ पसरला होता.

"सांगा," ती म्हणाली, "निघाल्यात म्हणून."

बाबूभाई तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं फोनवर तेवढंच सांगितलं आणि रिक्षा पुलावर घातली.